एकशे त्रेचाळीस

शिरोलीच्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं
मी रिपोर्ट काढून दिले.
मेल्टिंगचा वेगळा, कोअर शॉपचा वेगळा,
रिजेक्शनचा सकाळी साडेनऊच्या आत,
मालकांच्या टेबलावर, चहाच्या आधी.
एकूण एकशे त्रेचाळीस. मोजले मी,
जुनं सॉफ्टवेअर बंद व्हायच्या आदल्या रात्री.

त्यातले चाळीसएक कुणी उघडतच नव्हतं.
एक तर ज्यांच्यासाठी केला, ते महावीर मगदूम
रिटायर होऊन रुकडीत पिठाची गिरणी चालवतात,
आणि त्यांचा रिपोर्ट रोज पहाटे चारला
त्यांच्या नावानं तयार होत होता,
ताट वाढून झाकून ठेवावं तसा.

पुण्याहून शर्वाणी आली, नव्या सॉफ्टवेअरची.
म्हणाली, "काका, आता ज्यानं त्यानं
आपापला रिपोर्ट बनवायचा.
रकाने डावीकडे आहेत. ओढायचे, सोडायचे."
फेटलिंगचा सर्जेराव मागनं बोलला,
"म्हंजे आता पंगत न्हवं, बुफे."
सगळी हसली.
मीही हसलो, वाढप्यासारखा,
हातात आमटीची बादली तशीच.

पहिला आठवडा नुसता शिमगा.
जुलैचं रिजेक्शन एकच, रिपोर्ट सात,
आणि बेरजाही सात.
डिस्पॅचच्या यास्मिन जमादारनं
ट्रकांचे नंबर गुलाबी केले.
स्टोअरच्या इंगवल्यांनी सगळेच रकाने ओढले,
एकशे अठरा;
कागदाला कागद चिकटवत गेले
तर दार लागलं.
मालक माझ्याकडं बघत होते.
मी काही बोललो नाही.
खोटं कशाला सांगू,
आत कुठंतरी गार वाटत होतं.

मग सोमवारची सुट्टी झाली, आणि मंगळवारी
सर्जेराव एक पान घेऊन आला.
चारच रकाने.
तारीख. ब्लो होल. वाळूतला ओलावा.
आणि चौथा, माझ्या एकशे त्रेचाळिसांत
कुठंच नसलेला:
पाणी कुठलं, बोअरचं का टँकरचं.
"टँकर आला की भोकं पडत्यात. बघा की."
बघितलं.
पडत होती.
"ही नोंद कुठनं आणलीस?"
"गेटवरची. अकरा सालापासनं सिस्टीममधी हाय."
"मग मला कधी बोलला नाहीस ते?"
"बोललो हुतो की. दोनदा.
तुम्ही म्हणला, फॉरमॅटमध्ये बसत न्हाई."

बसत नव्हतं, हे खरं आहे.
फॉरमॅट मीच केला होता.

माझ्या खिडकीतून मोल्डिंग दिसतं.
दर कास्टिंगला साचा फोडतात,
वाळू पट्ट्यावरनं परत वर जाते,
पुन्हा ओली होते, पुन्हा दाबली जाते.
एकोणीस वर्षं ते बघत बघत
मी इकडं सेव्ह करत बसलो होतो.

संध्याकाळी भोंगा झाल्यावर
मीही एक कोरं पान उघडलं.
रकाने डावीकडे.
आपल्याला काय जाणून घ्यायचंय,
हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं,
आणि आता पान विचारत होतं.
खूप वेळ हात माऊसवर नुसताच.
मग ओढलं: माझं नाव. तारीख. बाहेर पडल्याची वेळ.

एकतीस मार्च, रात्री एक चाळीस.
एकतीस मार्च, रात्री दोन दहा.
पंचमी, पावणेनऊ.
खाली, खाली, खाली,
आणि मध्येच एक ओळ:
चौदा जून, दुपारी अडीच.

त्या दिवशी मी एवढ्या लवकर
कुठं गेलो होतो?
बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो.
वेळ आहे, गेट नंबर आहे,
कारणाचा रकाना नाही.

उद्या सर्जेरावला विचारतो.